म्हाताऱ्या कुत्र्याचं बिघडलेलं पोट आणि स्वादुपिंडाची गाठ: निदान कसं करायचं

दहा-बारा वर्षांचा कुत्रा. महिनाभर अधूनमधून उलटी, भूक अर्ध्यावर, वजन उतरलेलं. सलाईन, उलटीचं इंजेक्शन आणि हलका आहार दिला की चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. रक्तात लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) वाढलेलं दिसतं, केसपेपरवर 'पॅन्क्रियाटायटिस' म्हणजे स्वादुपिंडाचा दाह लिहिलं जातं आणि शोध तिथेच थांबतो. स्वादुपिंडाच्या गाठी बहुतेक वेळा इथेच निसटतात. याच्या उलट चूकही होते. सोनोग्राफीत स्वादुपिंडाजवळ गोळा दिसला की 'कॅन्सर आहे' असं सांगून मोकळं व्हायचं. मग नुसत्या सुजेमुळे जाड झालेला, महिनाभरात निवळू शकला असता असा गोळा असलेला कुत्रा कायमचा झोपवला जातो.

लहान प्राण्यांच्या प्रॅक्टिसमध्ये नव्याने उतरलेल्या पशुवैद्यांसाठी हा लेख आहे. आग्रह एकच: एका आकड्यावर किंवा एका चित्रावर निदान ठरवू नका. तीच जागा ठरावीक दिवसांनी पुन्हा पाहा, आणि जमेल तिथे पेशी मिळवा.

आधी, शोध कशाचा आहे

स्वादुपिंडात पाचक रस बनवणारा भाग मोठा आणि संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींची बेटं छोटी. गाठी दोन्हींकडून येतात, आणि त्यांची लक्षणं एकमेकींपासून खूप वेगळी असतात.

पाचक भागाची मुख्य घातक गाठ म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा. कुत्र्यांच्या सगळ्या कर्करोगांत तिचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण ती सापडते तेव्हा बहुधा यकृत, आसपासच्या लसिकाग्रंथी किंवा पोटाच्या अस्तरावर पसरलेली असते, कारण सुरुवातीला तिचं स्वतःचं असं लक्षणच नसतं. संप्रेरकांच्या बाजूने इन्सुलिनोमा सर्वांत जास्त भेटतो. तो रक्तातली साखर पाडतो, त्यामुळे असा कुत्रा पोटापेक्षा अशक्तपणा किंवा झटक्यांसाठी आणला जातो. गॅस्ट्रिनोमा दुर्मीळ, पण पोटाच्या तक्रारींच्या बाबतीत महत्त्वाचा: तो जठरातलं आम्ल प्रचंड वाढवतो, त्यातून ग्रहणीत म्हणजे ड्युओडेनममध्ये अल्सर, उलट्या, जुलाब आणि वजन घटणं. ग्लुकागोनोमा त्याहून दुर्मीळ, आणि तो त्वचेवरून ओळखू येतो.

स्वादुपिंडाच्या गाठीसारख्या दिसणाऱ्या पण स्वादुपिंडाची गाठ नसलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांत नोड्युलर हायपरप्लेजिया, म्हणजे छोट्या निरुपद्रवी गुठळ्या, इतक्या सामान्य असतात की त्या सापडल्या नाहीत तरच विशेष. याशिवाय दाहामुळे आलेला गोळा, गळू, स्यूडोसिस्ट (द्रव साचलेली पोकळी), मेलेली चरबी, सुजलेली शेजारची लसिकाग्रंथी, ग्रहणीच्या भिंतीतली गाठ आणि लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग).

पायरी १: नीट विचारून घ्या

उलटी आहे की नुसतं ओकणं, हे आधी वेगळं करा. पोट आखडून, जोर लावून येते ती उलटी. मान खाली केली आणि न पचलेलं अन्न सहज बाहेर आलं, तर अन्ननलिकेकडे पाहावं लागतं. गॅस्ट्रिनोमाच्या कुत्र्यात दोन्ही असू शकतं, कारण आम्लाने अन्ननलिकाही भाजते.

वजनाचे जुने आकडे मागा. लसीकरणाच्या कार्डावर ते बहुधा लिहिलेले असतात. सहा महिन्यांत शरीराच्या दहा टक्के वजन गेलं असेल आणि आहार बदललेला नसेल, तर 'वयामुळे' हे उत्तर मान्य करू नका.

शी काळी, डांबरासारखी चिकट होते का? की फिकट, तेलकट, ढीगभर? पहिलं वरच्या आतड्यातल्या रक्तस्रावाकडे बोट दाखवतं, दुसरं पाचक रस कमी पडण्याकडे. तहान आणि लघवी वाढली आहे का? वजन घटत असलेल्या, उलट्या करणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यात नव्याने मधुमेह निघाला, तर स्वादुपिंडाची सोनोग्राफी करायलाच हवी. तसंच उतारवयात पहिल्यांदाच पाचक रसांची कमतरता दिसली, तर जुना दाह किंवा नलिका दाबणारी गाठ या दोन्ही शक्यता धरून चाला.

एक प्रश्न सरावाने विचारा: 'उपाशी असताना, फिरून आल्यावर किंवा खूप उत्साहात आल्यावर मागचे पाय लटपटतात का, थिजल्यासारखा उभा राहतो का, खायला दिलं की लगेच बरा होतो का?' पालक हे स्वतःहून सांगत नाहीत, कारण पोटाच्या तक्रारीशी त्याचा संबंध असेल असं त्यांना वाटत नाही.

औषधांची यादी पूर्ण घ्या. वेदनाशामक गोळ्यांनी अल्सर होतो. स्टेरॉइडने लायपेज आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं. पोटॅशियम ब्रोमाइड आणि अझाथायोप्रिन यांचा पॅन्क्रियाटायटिसशी संबंध आहे. ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) चालू असेल तर गॅस्ट्रिनची तपासणी फसते.

पायरी २: हात लावून तपासणी

बॉडी कंडिशन स्कोअर नऊपैकी किती, हे लिहा आणि स्नायूंचा स्कोअर वेगळा लिहा. पोटावर चरबी असूनही पाठीचे आणि डोक्यावरचे स्नायू वितळलेले असू शकतात. फक्त वजनकाट्यावर भिस्त ठेवली की हे सुटतं, आणि पोटात पाणी झालेल्या कुत्र्याचं तर वजनही घटलेलं दिसत नाही.

डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि हिरड्यांत पिवळेपणा दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली हलकी कावीळ दिसत नाही.

पोट चाचपताना मदतनिसाला कुत्र्याचे पुढचे पाय हलकेच उचलून धरायला सांगा. फासळ्यांखालचे अवयव त्यामुळे थोडे मागे सरकतात आणि जठर-ग्रहणीचा कोपरा बोटांना लागण्याची शक्यता वाढते. उजवीकडे, शेवटच्या फासळीमागे हळूहळू खोल जा. कुत्रा तिथेच श्वास रोखतो किंवा पोट ताठ करतो का, ते पाहा. गोळा हाताला लागला नाही म्हणून काही सिद्ध होत नाही. स्वादुपिंडाच्या बहुतेक गाठी हाताला लागतच नाहीत.

त्वचा आणि पंजे सोडू नका. धडावर कातडीखाली दुखऱ्या गुठळ्या, त्या फुटून तपकिरी तेलकट स्राव आणि कल्चरमध्ये काहीच वाढ नाही, असं असेल तर स्वादुपिंडाच्या एन्झाइमनी चरबी जळत असल्याची शंका घ्या. पंजांच्या गाद्यांना आणि तोंडाभोवती जाड खपल्या, भेगा असतील तर सुपरफिशियल नेक्रोलिटिक डर्मटायटिस आठवा. त्याचं कारण बहुधा यकृतात असतं आणि सोनोग्राफीत यकृत मधाच्या पोळ्यासारखं दिसतं. यकृत चांगलं निघालं, तर ग्लुकागोनोमा शोधायचा.

शेवटी गुदपरीक्षा. हातमोज्यावर काळी शी येते का, तेवढ्यासाठी तरी.

पायरी ३: पहिलं रक्त आणि लघवी

पूर्ण रक्तगणना, रक्ताचा स्मिअर, बायोकेमिस्ट्री, इलेक्ट्रोलाइट्स आणि लघवी हे सगळं एकाच भेटीत, आणि शक्यतो सलाईन लावण्याआधी. सलाईननंतरचे अल्ब्युमिन, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि क्लोराइड यांचा अर्थ लावणं अवघड जातं.

स्मिअर स्वतः पाहा. लोह कमी पडून लहान झालेल्या फिकट पेशी दिसल्या, तर कुठून तरी हळूहळू रक्त जात आहे. क्रिएटिनिन ठीक आणि युरिया वाढलेला असेल तर वरच्या आतड्यातल्या रक्तस्रावाची शंका पक्की होते. क्लोराइड कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर जठराचं आम्ल मोठ्या प्रमाणात बाहेर पडतंय: एकतर पुढे अडथळा आहे, नाहीतर आम्ल तयारच जास्त होतंय.

अल्कलाइन फॉस्फेटेज एकटं वाढलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका. उतारवयातल्या कुत्र्यांत त्याची कारणं डझनभर. पण फॉस्फेटेज, जीजीटी (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम), कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन चारही एकत्र चढले, तर पित्तनलिका दाबली जात असल्याची शंका घ्या. स्वादुपिंडाचा दाह आणि गाठ दोन्ही हे करतात. फरक काळाचा आहे: दाह ओसरला की बिलिरुबिन साधारण एक-दोन आठवड्यांत उतरायला लागतं, गाठीत ते चढतच राहतं.

उलटी, जुलाब, मलूलपणा अशा येत्या-जात्या आजारात ॲडिसन्स डिसीज (अधिवृक्क ग्रंथी कमी काम करण्याचा आजार) नाही ना, हे आधी पाहा. विश्रांतीच्या वेळचं कॉर्टिसॉल प्रति डेसिलिटर २ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर तो जवळजवळ नाही. खाली असेल तर एसीटीएच चाचणी (त्या ग्रंथींना चेतवून कॉर्टिसॉल मोजणं) करा. कॉर्टिसॉलची ही एक तपासणी स्वस्तात खूप पुढचा खर्च आणि त्रास वाचवते. मात्र आधी प्रेडनिसोलोन दिलेलं असेल तर आकडा निरुपयोगी.

यावरूनच एक कडक नियम: पेशींचा नमुना हातात येईपर्यंत स्टेरॉइड सुरू करू नका. 'भूक तरी लागेल' म्हणून दिलेली गोळी लिम्फोमा झाकते, साखर वाढवते आणि यकृताचे आकडे बिघडवते.

स्वादुपिंडाचे आकडे कसे वाचायचे

साध्या ॲमायलेज-लायपेजवर विसंबू नका, मूत्रपिंडाच्या आजारातही ते वाढतं. कार्सिनोमाच्या काही कुत्र्यांत लायपेज प्रचंड चढलेलं आढळतं आणि तसा आकडा पाहिला की गाठ शोधायला हवी, पण साधारण लायपेज असलेला कार्सिनोमाही असतो.

कॅनाइन पॅन्क्रियाटिक लायपेज, म्हणजे स्पेक सीपीएल, प्रति लिटर २०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेहमीचा, ४०० च्या वर पॅन्क्रियाटायटिसशी जुळणारा, आणि मधला पट्टा संदिग्ध. नवशिक्यांची गल्लत इथे होते. ही तपासणी स्वादुपिंडाच्या पेशी दुखावल्या आहेत एवढंच सांगते, का दुखावल्या ते सांगत नाही. गाठ आसपासच्या ऊतींना दाबते, नलिका तुंबवते, आणि गाठीभोवती खराखुरा दाह होतो. म्हणून ६०० चा आकडा आला तर केसपेपरवर 'पॅन्क्रियाटायटिस, कारण शोधणं बाकी' असं लिहा.

टीएलआय (स्वादुपिंडाच्या ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमचं रक्तातलं प्रमाण) बारा तास उपाशी पोटी. प्रति लिटर २.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली असेल तर पाचक रसांची कमतरता ठरते. त्याच नमुन्यातून कोबालामिन (बी-१२) आणि फोलेट मागवा. कोबालामिन कमी असेल तर निदानाची वाट न पाहता भरून काढा: वजनानुसार २५० ते १५०० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा कातडीखाली. कोबालामिन कमी राहिलं तर बाकी उपचार योग्य असूनही भूक परतत नाही.

साखर कमी निघाली तर

ही वाट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण इथल्या चुका नमुना हाताळण्यातल्या असतात.

रक्त साध्या ट्यूबमध्ये तसंच ठेवलं तर लाल पेशी साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते १० टक्के साखर कमी होते. संध्याकाळी घेतलेला आणि सकाळी लॅबला पोहोचलेला नमुना धडधाकट कुत्र्यालाही इन्सुलिनोमा ठरवेल. म्हणून फ्लोराइडची ट्यूब वापरा, किंवा अर्ध्या तासात सीरम वेगळं करा. माणसांचं ग्लुकोमीटर कुत्र्याच्या रक्ताची साखर बहुधा कमी दाखवतं, आणि कुत्रा कोरडा पडला असेल तर आणखी कमी. कमी आकडा आला की लॅबच्या पद्धतीने खात्री करा.

खरोखर प्रति डेसिलिटर ६० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर त्याच नमुन्यातून इन्सुलिन मोजा. त्याच क्षणाची साखर आणि इन्सुलिन ही जोडी महत्त्वाची, एकटं इन्सुलिन निरर्थक. एवढ्या कमी साखरेला इन्सुलिन जवळपास बंद असायला हवं. ते चढलेलं, किंवा नुसतं 'नॉर्मल'च्या वरच्या अर्ध्यात असेल, तरी इन्सुलिनोमाची दाट शंका. अगदी खालच्या टोकाला असेल तर पुन्हा करा.

पहिल्या वेळी साखर ठीक निघाली आणि इतिहास मात्र पक्का असेल, तर देखरेखीखाली उपाशी ठेवा. सकाळी खाणं बंद, नसेत कॅन्युला तयार, दर एक-दोन तासांनी साखर. ६० च्या खाली गेली की नमुना घ्या आणि लगेच खायला द्या. असा कुत्रा रात्रभर घरी उपाशी ठेवायला कधीही सांगू नका. झटके आलेच तर डेक्स्ट्रोज थोडं आणि सावकाश द्या. मोठा डोस दिला की गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि साखर पुन्हा आपटते. मेडेटोमिडिन, झायलाझिन यांसारखी गुंगीची औषधं इन्सुलिन दाबून साखर वाढवतात, म्हणून जोडीचा नमुना गुंगीआधी घ्या.

इन्सुलिनोमावर शिक्का मारण्यापूर्वी सेप्सिस, यकृत निकामी होणं, ॲडिसन्स, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) पोटात जाणं आणि यकृताच्या मोठ्या गाठी या कारणांचा विचार झालेला असावा.

गॅस्ट्रिनचा नमुना उपाशी पोटी, सीरम लगेच वेगळं करून गोठवून पाठवा. ओमेप्राझोल किमान सात दिवस बंद हवं, आणि मूत्रपिंड ठीक असल्याचं माहीत हवं, कारण दोन्हींमुळे गॅस्ट्रिन वाढतं. रक्तस्राव होणारा अल्सर असेल तर औषध बंद करणं धोक्याचं. तिथे तपासणी पुढे ढकला, किंवा एंडोस्कोपी आणि इमेजिंगने पुढे जा.

पायरी ४: एक्स-रे, थोडक्यात

छातीच्या तिन्ही बाजू काढा: उजवी कूस, डावी कूस आणि एक पाठीवर किंवा पोटावर झोपवून. वर राहिलेल्या फुप्फुसातली गाठ दिसते, खाली दबलेल्यातली लपते, म्हणून एकच कूस पुरत नाही. भूल देणार असाल तर एक्स-रे भुलीआधी. भुलीत फुप्फुसाचा खालचा भाग चपटतो आणि त्यात काहीही लपू शकतं.

पोटाच्या एक्स-रेमध्ये उजव्या वरच्या भागात धूसरपणा, ग्रहणी उजवीकडे ढकललेली आणि हवेने फुगून थिजलेली, जठर-ग्रहणीतला कोन रुंदावलेला, हे शोधा. दाह आणि गाठ इथे सारखेच दिसतात. या एक्स-रेचा खरा उपयोग गिळलेली वस्तू, अडथळा, आतडं फुटल्याने सुटलेली हवा यांसारखं तातडीचं काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

पायरी ५: सोनोग्राफी

खरं काम इथे होतं. आठ ते बारा तास उपाशी पोट, साखरेचा प्रश्न नसेल तर. केस नीट कापा, विशेषतः उजव्या शेवटच्या फासळ्यांवरचे. फासळ्यांमधून पाहावं लागतं आणि तिथले केस राहिले की प्रतिमा धुरकट येते. लहान कुत्र्यात दहा-बारा मेगाहर्ट्झचा प्रोब, मोठ्या छातीच्या कुत्र्यात पाच ते आठचा मायक्रोकॉन्व्हेक्स.

स्वादुपिंड थेट शोधू नका, खुणा धरून जा. उजव्या मूत्रपिंडाजवळ, पोटाच्या भिंतीला लागून सरळ खाली जाणारं जाड भिंतीचं आतडं म्हणजे ग्रहणी. तिला आडव्या छेदात पकडा आणि आतल्या बाजूला पाहा. तिला चिकटून असलेला त्रिकोणी, शेजारच्या चरबीपेक्षा किंचित गडद पट्टा म्हणजे उजवी शाखा. तिच्या मधोमध पॅन्क्रियाटिकोड्युओडेनल शीर दिसते. डॉप्लर लावून तिची खात्री केली की आपण योग्य जागी आहोत. तसंच वर पायलोरसपर्यंत या. तिथे पोर्टल शिरेच्या पुढ्यात मधला भाग. डावी शाखा जठर आणि आडवं मोठं आतडं यांच्यामध्ये, प्लीहेच्या शिरेजवळ. हवेमुळे ती सर्वांत अवघड. कुत्र्याची कूस बदला, हवा वर सरकू द्या, दहा मिनिटं थांबून परत पाहा. डावी शाखा दिसलीच नाही तर रिपोर्टमध्ये तसं लिहा. 'स्वादुपिंड सामान्य' हे वाक्य तीनही भाग पाहिले असतील तरच लिहायचं.

निरोगी कुत्र्यात जाडी ढोबळमानाने सहा ते दहा मिलिमीटर, उजवी शाखा थोडी जास्त. सामाईक पित्तनलिका तीन मिलिमीटरपर्यंत.

दाहात सहसा मोठा सलग भाग गडद आणि फुगलेला, भोवतालची चरबी पांढरट चमकदार, ग्रहणीची भिंत जाड आणि नागमोडी. हायपरप्लेजियाच्या गुठळ्या अनेक, गोल, बहुधा सेंटिमीटरपेक्षा छोट्या, भोवतालची चरबी शांत. एकच मोठा, ओबडधोबड गोळा, दोन सेंटिमीटरच्या वर, शेजारची शीर किंवा पित्तनलिका दाबणारा, सोबत गोलसर सुजलेल्या लसिकाग्रंथी किंवा यकृतात गाठी असतील, तर संशय खूप वाढतो. पण या सीमा कच्च्या आहेत. गळू तीन सेंटिमीटरचं असू शकतं आणि इन्सुलिनोमा सात मिलिमीटरचा. इन्सुलिनोमा तर सोनोग्राफीत अनेकदा सापडतच नाही. रक्ताची जोडी पक्की असेल तर न दिसल्याने निदान रद्द होत नाही.

प्रत्येक गोळ्याची दोन छेदांतली मापं, नेमकी शाखा आणि प्रतिमा जतन करा. कारण पुढचं पाऊल बहुधा पुन्हा पाहणं हेच असतं. स्थिर कुत्र्यात, दाहाचे उपचार करून, दोन ते चार आठवड्यांनी त्याच प्रोबने तीच जागा. दाह आकसतो, बदलतो. गाठ तशीच राहते किंवा वाढते. या मधल्या काळात उलटीवर मॅरोपिटंट दिवसातून एकदा (इंजेक्शन किलोला १ मिलिग्रॅम, गोळी किलोला २ मिलिग्रॅम), वेदनाशामक, कमी चरबीचा आहार, आणि घरी दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन. काविळीत बिलिरुबिन चढत असेल, गोळा शिरेला दाबत असेल किंवा कुत्रा खाणंच सोडत असेल, तर चार आठवडे थांबू नका, पुढच्या पायरीवर जा.

पोटात पाणी सापडलं तर

आधी तेच काढा. सर्वांत कमी त्रासात मिळणारा हाच नमुना. थोडं ईडीटीए ट्यूबमध्ये पेशींसाठी, थोडं साध्या ट्यूबमध्ये प्रथिनं आणि बिलिरुबिनसाठी, थोडं निर्जंतुक डबीत कल्चरसाठी. ताज्या पाण्याचे स्मिअर तिथल्या तिथे करा, कारण तासन्‌तास द्रवात राहिलेल्या पेशी फुगतात आणि पॅथॉलॉजिस्टला गोंधळात टाकतात. पाण्यातलं बिलिरुबिन रक्तातल्याच्या दुपटीहून जास्त असेल तर पित्त गळतंय, आणि ती शस्त्रक्रियेची तातडी आहे. पाण्यात कर्कपेशी मिळाल्या नाहीत म्हणून कर्करोग नाही असं ठरत नाही. काही गाठी पेशी सोडतच नाहीत.

पायरी ६: सुईने पेशी काढणं

स्वादुपिंडाला सुई लावली की पॅन्क्रियाटायटिस भडकेल ही भीती बरीच पसरली आहे. अनुभवी हातात, सोनोग्राफीच्या मदतीने, ही तपासणी बरीच सुरक्षित आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात साधारण तीन-चतुर्थांश नमुन्यांतून निदानयोग्य पेशी मिळाल्या. म्हणजे चारातला एक नमुना रिकामा जातो, आणि हे पालकांना आधी सांगायचं.

तयारी: प्लेटलेट ५० हजारांच्या वर, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ठीक. कावीळ जुनी असेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि पीटी लांबतं. त्या कुत्र्याला व्हिटॅमिन के-१ किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम, बारा तासांनी, कातडीखाली देऊन एक-दोन दिवसांनी पीटी पुन्हा करा. गुंगीसाठी ब्युटॉर्फेनॉल किलोला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम बहुधा पुरतं.

१. कातडीवरचा जेल पूर्ण पुसा आणि स्पिरिट लावून पाहा. जेल स्लाइडवर गेला की जांभळे दाणे होऊन पेशी झाकतो.

२. डॉप्लरने मार्गातल्या शिरा पाहा. आतड्यातून सुई जाणार नाही असा कोन निवडा.

३. २२ गेजची सुई, लांबी गाठीच्या खोलीप्रमाणे. आधी ओढ न देता, नुसती सुई आत-बाहेर करून नमुना घ्या. स्वादुपिंडाला रक्तपुरवठा भरपूर, सिरिंज ओढली की स्लाइडवर रक्तच येतं. पेशी आल्या नाहीत तर दुसऱ्या वेळी थोडी ओढ द्या.

४. गाठीच्या मध्याऐवजी कडेकडून घ्या. मोठ्या गाठीचा मध्य मेलेला असतो आणि तिथून फक्त कचरा मिळतो. आत पोकळी असेल तर द्रव वेगळा कल्चरला.

५. सुई काढली की काही सेकंदांत स्लाइड पसरवा, हवेत वाळवा. एक स्लाइड तिथेच डिफ-क्विकने रंगवून पाहा: पेशी आहेत की नुसतं रक्त, एवढं कळलं तरी पुन्हा घ्यायचं की थांबायचं ठरतं. रंग न लावलेल्या तीन-चार स्लाइड लॅबला.

६. यकृतात गाठ किंवा सुजलेली लसिकाग्रंथी असेल तर त्याच गुंगीत तिथूनही घ्या. पसरल्याचा पुरावा आणि निदान दोन्ही एकदम मिळू शकतात.

फॉर्मेलिनची बाटली आणि स्लाइड एका पाकिटात कधीही ठेवू नका. बंद झाकणातूनही निघणारी वाफ पेशींचा रंग बिघडवते आणि सगळी मेहनत वाया जाते. स्लाइड फ्रिजमध्येही नकोत, ओलावा धरतात.

नमुन्यानंतर दोन-चार तास हिरड्या, नाडी आणि पोट पाहत राहा. शक्य असेल तर सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा प्रोब ठेवून नवं पाणी साचलं नाही ना ते पाहा.

लॅबच्या फॉर्मवर 'पोटातली गाठ' एवढंच लिहू नका. वय, जात, लक्षणं किती दिवसांची, कोणती शाखा, माप, सीपीएल, बिलिरुबिन, साखर आणि चालू औषधं लिहा. याचं कारण: जोरदार दाहात स्वादुपिंडाच्या निरोगी पेशीही आकाराने वेड्यावाकड्या होतात आणि कार्सिनोमासारख्या दिसतात. भोवती न्यूट्रोफिल आणि मेलेल्या ऊतींचा कचरा असताना पॅथॉलॉजिस्टने 'संशयास्पद' लिहिलं, तर त्याला निदान समजू नका. निळसर पार्श्वभूमीवर सुटी केंद्रकं पसरलेली दिसली तर संप्रेरकांच्या गाठीकडे झुकायचं.

सीटी आणि बायॉप्सी कधी

सीटी दोन प्रसंगी विचारात घ्या: रक्तावरून इन्सुलिनोमा किंवा गॅस्ट्रिनोमा पक्का पण जागा सापडत नाही, किंवा शस्त्रक्रिया होऊ शकेल असं दिसतंय आणि पसरल्याची हद्द ठरवायची आहे. कॉन्ट्रास्टचे तीन टप्पे मागा: धमनीचा, पोर्टलचा आणि उशिराचा. इन्सुलिनोमा बऱ्याचदा फक्त धमनीच्या काही सेकंदांच्या टप्प्यात उजळतो, आणि एकच टप्पा काढला तर निसटतो. ३०० मिलिग्रॅम आयोडीन प्रति मिलिलिटर असलेलं आयोहेक्सॉल किलोला साधारण २ मिलिलिटर. आधी क्रिएटिनिन पाहा आणि कुत्र्याच्या शरीरातली पाण्याची कमतरता भरून घ्या.

ऊतींचा तुकडा लागलाच तर लॅपरोस्कोपी किंवा पोट उघडून. तुकडा शाखेच्या टोकाकडून किंवा गाठीतूनच, नलिकांपासून दूर, कमीत कमी हाताळणीत. भुलीत रक्तदाब पडू देऊ नका, कारण शस्त्रक्रियेनंतरचा पॅन्क्रियाटायटिस बऱ्याचदा रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे होतो. यकृत आणि लसिकाग्रंथींचे नमुने त्याच वेळी, डोळ्यांना चांगले दिसले तरी. फॉर्मेलिन ऊतीच्या दहापट. संप्रेरकांच्या गाठीची शंका असेल तर इन्सुलिन, गॅस्ट्रिन, सिनॅप्टोफायसिन यांच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीबद्दल आधीच विचारून ठेवा.

यकृतभर गाठी, पोटात पाणी आणि स्लाइडवर कार्सिनोमा हे तिन्ही हातात असेल, तर सीटी करू नका. त्या कुत्र्यासाठी पुढचा निर्णय त्याने बदलणार नाही, आणि भूल मात्र त्याला सोसावी लागेल. त्याला वेदनाशामक, उलटीवर औषध, कोबालामिन आणि गरज असेल तर पाचक एन्झाइम द्या, आणि पालकांशी वेळेबद्दल स्पष्ट बोला. पसरलेल्या कार्सिनोमात हातात बहुधा आठवडे असतात.

इन्सुलिनोमाची गोष्ट वेगळी. पसरलेला नसेल आणि शस्त्रक्रियेने काढता आला, तर अनेक कुत्री वर्षाहून जास्त चांगली जगतात. म्हणून तिथे जागा शोधण्याची धडपड करायलाच हवी. शस्त्रक्रियेपर्यंत दिवसातून चार ते सहा छोटे आहार, साखर-गुळाचे पदार्थ बंद, आणि दमवणारा व्यायाम बंद. गॅस्ट्रिनोमात ओमेप्राझोल किलोला १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण गॅस्ट्रिनचा नमुना काढून झाल्यावर.

सगळं करूनही स्लाइड रिकामी आली, कुत्रा स्थिर आहे आणि गोळा तेवढाच आहे, अशी वेळ बरेचदा येते. तेव्हा पालकांना सोडताना पुढच्या सोनोग्राफीची तारीख तिथेच ठरवा, चार आठवड्यांच्या आतली. कागदावर तीन गोष्टी लिहून द्या, ज्या दिसल्या तर त्या तारखेची वाट न पाहता यायचं: डोळे किंवा लघवी पिवळी होणं, शी काळी होणं, आणि उभ्या उभ्या लटपटणं. सोबत आत्ताच्या प्रतिमा आणि मापं द्या, म्हणजे पुढची सोनोग्राफी दुसऱ्या कुणी केली तरी तुलना करता येईल.